पट्ट्याची उंची

मामाचा फोन रात्री साडेदहाला आला. एरवी नवाच्या बातम्या अर्ध्यावर टाकून झोपणारा माणूस, त्यामुळे काळजात चर्र झालं. पण तब्येत ठीक होती, मामीही ठीक होती. "बाय, तू लोकांच्या घरांचे रंग करतेस ना," तो म्हणाला, "आमच्या घराचंपण काहीतरी कर. मला ह्या घरात कुठं बसायचं तेच कळत नाही."

मामा जन्मल्यापासून वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या एका खोलीत राहिला. तिथेच त्याचं लग्न झालं, तीन मुलं झाली, तिथूनच आजी गेली. पुनर्विकासात त्याला आता ५०० चौरस फुटांचं घर मिळालंय. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम. म्हणजे तिपटीहून मोठं. आणि ज्याने पंच्याहत्तर वर्षांत एकदाही 'जागा पुरत नाही' म्हटलं नाही, तो माणूस या मोठ्या घरात स्वतःची जागा शोधत होता.

दुसऱ्या रविवारी गेले. दारातून आत पाऊल टाकल्यावर कारण समोरच दिसलं. सगळं घर एकजात पांढरं. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, फरशी पांढरट चकचकीत, दारं पांढरी, स्विचबोर्डसुद्धा पांढरे. हॉल कुठे संपतो आणि पॅसेज कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळायला काही खूणच नव्हती. मामाने जुन्या खोलीतली लोखंडी खुर्ची आणली होती, ती हॉलच्या बरोबर मधोमध ठेवलेली. भिंतीला टेकलेली नाही, खिडकीजवळही नाही. नुसती मधोमध, स्टेशनात सामान घेऊन उभ्या असलेल्या माणसासारखी.

मी अठरा वर्षं छोट्या घरांचं काम करतेय. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, मधूनच ठाणे. वन आरके, वन बीएचके, यापेक्षा मोठं घर माझ्याकडे क्वचितच येतं आणि मला त्याची हौसही नाही. या कामातलं माझं सगळं शिक्षण अशाच एका खोलीत झालं, तिच्याबद्दल आधी सांगायला हवं.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या खात्याने १९२० ते १९२५ च्या दरम्यान वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब काळोखा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. एका इमारतीत ८० बिऱ्हाडं. आमची खोली नायगावला होती. दार व्हरांड्यात उघडायचं, त्यामुळे दारातून उजेड कधी आलाच नाही. जो काय यायचा तो समोरच्या खिडकीतून. त्या एका खिडकीच्या उजेडावर सात माणसांचं स्वयंपाकपाणी, अभ्यास, आजारपण, झोप, सगळं चालायचं.

त्या खोलीत एकही आतली भिंत नव्हती. बांधायची म्हटली तरी कुठे बांधणार? पण खोलीत जागा मात्र होत्या, आणि त्या रंगाने आखलेल्या होत्या.

खालच्या भागाला चारी बाजूंनी गडद हिरव्या ऑइल पेंटचा पट्टा. त्याच्या वर चुना, आणि नंतरच्या वर्षांत डिस्टेंपर. हा पट्टा मुंबईतल्या निम्म्या चाळींत असेल, शाळांत आणि सरकारी दवाखान्यांतही असायचा, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष देऊन पाहत नाही. मीसुद्धा मोठी होईपर्यंत पाहिलं नव्हतं. त्याची उंची कशी ठरते ते मला एका दिवाळीत कळलं. रंग काढायला आलेल्या काकांनी आमच्या आजोबांना भिंतीला टेकून, मांडी घालून बसायला सांगितलं. त्यांच्या टाळूच्या वर चार बोटं धरून पेन्सिलीने खूण केली. मग निळीच्या पाण्यात बुडवलेली सुतळी दोन टोकांना दोघांनी ताणून धरली, काकांनी ती मधोमध चिमटीत पकडून ओढली आणि सोडली. टण्. भिंतीवर एक सरळ निळी रेघ उमटली. त्या रेघेच्या खाली ऑइल पेंट, वर चुना.

कारण अगदी साधं होतं. चाळीत खुर्च्या नसतात, माणसं भिंतीला टेकून बसतात. डोक्याला खोबरेल असतं. चुन्याच्या भिंतीवर एका महिन्यात डोक्याएवढा गोल, पिवळट, चिकट डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही. ऑइल पेंटवर पडला तर सोड्याच्या पाण्याचं फडकं फिरवलं की झालं. म्हणजे घरातला सगळ्यात उंच बसणारा माणूस भिंतीला टेकला की त्याचं डोकं जिथे येतं, तिथे रंग बदलायचा. आज माप घेण्याची लेसरवाली यंत्रं माझ्या बॅगेत असतात, पण घरातल्या माणसावरून घराचं माप घेण्याची याहून सुंदर पद्धत मला अजून सापडलेली नाही.

पट्ट्याच्या वरचा चुना आई-बाबा स्वतः लावायचे. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की पिंपात तो खदखदायचा, आम्हां पोरांना चार हात लांब उभं केलेलं असायचं. रात्रभर मुरला की सकाळी गाळून त्यात डिंकाचं पाणी, आणि शेवटी निळीची पुडी. पांढरं करायचं तर निळं कशाला घालतेस, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "धोतराला घालतो ना, तसंच." आता कारण माहीत आहे. चुना सुकल्यावर किंचित पिवळसर वाटतो, आणि निळा हा पिवळ्याचा उतारा. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि डोळ्याला ते जास्त पांढरं भासतं. पण नीळ एक चिमूट जास्त पडली की भिंत आभाळी व्हायची, आणि मग आई म्हणायची, "असू दे, यंदा थंड वाटेल."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पट्टा छताजवळच्या फळीपर्यंत वर चढवलेला, आणि तिथे हिरव्याऐवजी चॉकलेटी. स्टोव्हची काजळी त्यावर दिसत नसे. आणि खिडकीच्या डाव्या हाताला, पट्ट्याच्या वरून सुरू होणारी, दोन हात रुंद आणि माणसाच्या उंचीपर्यंत गेलेली एक पिवळी चौकट. कुणाच्या तरी घरचा उरलेला अर्धा डबा आईने मागून आणला होता. शेवंतीसारखा पिवळा. त्या चौकटीखाली पाट मांडला की तो अभ्यास. घरात नियम होता की कुणी 'पिवळ्यात' बसलं असेल तर त्याला हाक मारायची नाही, पाणी आणायला उठवायचं नाही. "कुठे गेली ही?" "पिवळ्यात आहे." खरं म्हणजे मी दोन हातांवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलेली असायचे. पण पिवळ्यात असलेलं माणूस घरात नसे. त्या चौकटीत बसून मी दहावी केली, माझ्या धाकट्या भावाने बारावी केली. तिथून उठलं की आवाज परत सुरू व्हायचे.

आणि पोटमाळा. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. रातपाळी असली की सकाळी यायचे आणि पोटमाळ्यावर झोपायचे. खाली बाकीच्यांचा दिवस सुरू, आणि वर, छताला नाक लागेल एवढ्या जागेत, ते झोप गोळा करायचे. पोटमाळ्याला आधी चुनाच होता. खिडकीतला उजेड खालच्या फरशीवर पडून वरच्या पांढऱ्यावर जायचा आणि बाबांच्या डोळ्यांवर यायचा. डोळ्यांवर पंचा बांधून झोपायचे ते. एका वर्षी आईने हार्डवेअरच्या दुकानातून कुणी न घेतलेला, जवळजवळ काळा म्हणावा असा निळा रंग स्वस्तात आणला आणि पोटमाळ्याच्या तिन्ही बाजू आणि वरचं छत त्याने रंगवून टाकलं. शेजारणी म्हणाल्या, अगं अशुभ दिसतं. पण बाबा त्या आठवड्यात पहिल्यांदा पंच्याशिवाय झोपले.

आईला 'परावर्तन' हा शब्द माहीत नव्हता. ढोबळमानाने सांगायचं तर चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी पाऊण हिश्शाहून जास्त उजेड परत खोलीत फेकते, आणि तसला गडद निळा रंग दहावा हिस्साही परत देत नाही. आईने उजेड फेकणारी भिंत काढून उजेड पिणारी भिंत लावली. मी पुढे शिकले ते सगळं तिच्या त्या एका दुपारच्या कामाचं स्पष्टीकरण होतं.

बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या तेव्हाच, १९२४ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त गावात एक घर उभं राहिलं. त्रूस श्र्योडर नावाच्या विधवा बाईने तीन मुलांसह राहण्यासाठी ते खेरिट रीटफेल्ट या वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतलं. वरचा मजला एकच मोठी खोली, सरकत्या फळ्या ओढल्या की रात्री त्याच्या वेगवेगळ्या खोल्या होतात, सकाळी फळ्या सरकवल्या की पुन्हा एक. आणि जमिनीवर लाल, करडे, काळे, पांढरे पट्टे, प्रत्येक जागा आपापली ओळखू यावी म्हणून. ते घर आज जागतिक वारसा आहे. वास्तुकलेच्या पुस्तकात मी त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला का ते सांगता आलं नव्हतं. मला त्या जमिनीवर आमचं पिवळं दिसत होतं.

माझ्या पहिल्या काही कामांपैकी एक कल्याणचं होतं. नवं लग्न झालेलं जोडपं, वन आरके, खोली दहा बाय चौदा. त्यांना हिरवं हवं होतं, आणि मी दुकानात ट्यूबलाइटखाली शेड कार्डावरचा बोटाएवढा पिस्ता रंग निवडला. कार्डावर तो इतका सौम्य होता की मला वाटलं, लावल्यावर दिसेल तरी का. चारही भिंतींना लावला. दोन हात झाले, वाळला, आणि आठ दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. "ताई, रागावू नका, पण आरशात मी आजारी दिसते. आणि भातपण कसातरी दिसतो."

मी गेले आणि दारातच थांबले. खरंच होतं. खोली पिस्ता नव्हती, कच्च्या कैरीची झाली होती. तिच्या गालांवर, कपाळावर, बशीतल्या पोह्यांवर हिरवट झाक होती. चूक माझी होती आणि ती मोठी होती. मोठ्या खोलीत भिंतीवरून परतलेला उजेड पांगतो. छोट्या खोलीत समोरासमोरच्या भिंती आठ-दहा फुटांवर असतात. एका भिंतीवरून हिरवा होऊन निघालेला उजेड दुसऱ्या हिरव्या भिंतीवर पडतो, आणखी हिरवा होतो, परत फिरतो. रंग स्वतःवरच पुन्हा पुन्हा चढत जातो. त्यातून सुटून जो उजेड माणसाच्या चेहऱ्यावर येतो तो हिरवाच असतो.

ते घर मी माझ्या पैशाने पुन्हा रंगवून दिलं, सायीच्या रंगात, आणि हिरवा फक्त खिडकीच्या भिंतीला ठेवला. खिडकीच्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही, त्यामुळे ती रंग फेकत नाही, नुसती दाखवते. त्या दिवसापासून मी कार्डावरून रंग घेत नाही. एक फूट बाय एक फुटाचे दोन पुठ्ठे रंगवते, एक खिडकीसमोरच्या भिंतीला आणि एक खिडकीच्याच भिंतीला लावते, आणि घरच्यांना सांगते की सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून, असं तीनदा बघा. दिवा पिवळा आहे की पांढरा, हेही तिथेच ठरवून टाका. सुंदर करडा-निळा पिवळ्या एलईडीखाली राखेसारखा मळकट होतो आणि लोक रंगाऱ्याला दोष देतात. आणि शंका असली तर कार्डावर आवडलेल्या रंगाहून एक पायरी फिकट घ्या. पुढची पायरी खोली स्वतःच चढते.

छोटं घर मोठं दिसायला पांढरा लावा, हा सल्ला मला रोज कुणीतरी देतं. तो अर्धा खरा आहे. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग करून दाखवलं की छत जितकं उजळ तितकं ते उंच वाटतं, आणि भिंतीही उजळ असल्या तर आणखी उंच वाटतं. भिंती गडद ठेवून छत पांढरं केलं की उठाव येऊन छत उंच दिसेल, हा जो जुना समज आहे तो त्यात टिकला नाही. माझा अनुभवही हाच आहे. छताचा आणि भिंतीचा रंग एकच ठेवला की मधली रेघ पुसते, आणि डोळ्याला छत कुठून सुरू होतं तेच नीट सापडत नाही.

पण पांढऱ्याला खायला उजेड लागतो. जिथे उजेड पोचतच नाही तिथे पांढरी भिंत पांढरी दिसत नाही, राखाडी दिसते, आणि राखाडीत ओल आहे की सावली आहे की मळ आहे हे कळत नाही. व्हरांड्याकडच्या आमच्या भिंतीला कितीही चुना फासला तरी ती उदासच होती. अशा जागी मी सरळ रंग लावते. विटेसारखा, हळदीसारखा, चांगला दमदार. अंधारी जागा अंधारी आहे हे मान्य करून तिला ऊब द्यायची. तिला उजेडाचं सोंग घ्यायला लावलं की ती केविलवाणी दिसते.

आणि घर मोठं दिसणं हेच सगळं असतं का, हा माझा त्याहून जुना प्रश्न आहे. घर छोटं असणं ही एक अडचण आहे, खरी आहे, मी ती सात माणसांत भोगली आहे. पण छोट्या घरातल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर सगळ्याच गोष्टी एकाच जागी होतात याचा. जेवल्याचा वास आहे तिथेच अभ्यास. भांडण झालं तिथेच झोप. जागा बदलता येत नाही, म्हणून मनही बदलत नाही. तिथे जागेचं निदान नाव तरी बदलावं, एवढं काम रंग करतो. दोन वर्षांपूर्वी बदलापूरला एक घर केलं. नवरा रातपाळीला, बायको घरून शिकवण्या घेणारी. एकच खोली. मी पलंगाचा कोपरा, पलंगाच्या तिन्ही बाजूंना आणि वर छतावरही तेवढ्याच मापात, आईच्या त्या निळ्याने रंगवला. अजिबात चमक नसलेला, मॅट. बाकी खोली सायीची, आणि शिकवणीच्या टेबलामागे शेवंतीची चौकट. त्यांनी विचारलं, निळा झोपेसाठी चांगला असतो का हो? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. तो गडद आहे, दिवसाचा उजेड पितो, आणि तुम्ही त्यात शिरलात की बाकीच्यांना कळतं तुम्ही झोपलात. पुढच्या वेळी गेले तेव्हा शिकवणीची पोरं कुजबुजत होती. "काका निळ्यात आहेत."

निळ्याने शांत वाटतं, लालने भूक लागते, हे कोष्टक मी कुणाला देत नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदलाच्या तुरुंगात कोठड्यांना एक विशिष्ट गुलाबी रंग लावून पाहिला, आणि त्याने कैदी शांत होतात असा मोठा बोलबाला झाला. कितीतरी तुरुंगांनी भिंती गुलाबी केल्या. पुढे स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगात पांढऱ्या आणि गुलाबी कोठड्यांची नीट तुलना केली, २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि काहीच फरक आढळला नाही. याउलट ऑपरेशन थिएटरमधला हिरवा बघा. तो मन शांत करायला आला नव्हता. तासन्‌तास लाल रक्ताकडे पाहून नजर वर केली की पांढऱ्या कापडावर हिरवट ठिपके तरंगताना दिसतात, आणि पांढऱ्यावरून दिव्यांची तिरीप डोळ्यांत येते. कापड हिरवं केलं की दोन्ही त्रास कमी. रंग डोळ्याचं काम हलकं करतो, आणि डोळा दमला नाही की माणूसही निवांत होतो. माझा विश्वास एवढ्यावरच आहे, आणि एवढ्यावर घर उभं राहतं.

तर मामाचं घर.

मामी चहा टाकायला गेली आणि आत जाताना हळूच म्हणाली, "रात्री दोनदा चुकले हे. बाथरूम समजून बेडरूमचं दार उघडलं. एकदा सून झोपलेली होती, केवढे ओशाळले." पॅसेजमध्ये एकसारखी तीन पांढरी दारं होती, पांढऱ्या भिंतीत. मामाला वाटायचं आपल्या डोक्यात काहीतरी बिघडायला लागलंय. म्हणून तो साडेदहापर्यंत जागा होता. फोन रंगासाठी नव्हता, या भीतीपोटी होता.

मामाचं डोकं शाबूत आहे. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. कावीळ झालेल्या काचेतून बघावं तसं. फिकट फिकट रंग एकमेकांत मिसळतात, निळ्या-हिरव्यातला फरक ओळखणं अवघड जातं, आणि पांढऱ्या भिंतीतलं पांढरं दार तर जवळजवळ नाहीसंच होतं. अशा डोळ्याला फिकेपणा नको असतो, उठाव हवा असतो. दाराला वेगळी चौकट, बेसिनमागे गडद फरशी, पांढऱ्या स्विचबोर्डाभोवती दोन बोटं रंगाचा पट्टा. मी मामाला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचे खांदे खाली येताना मला दिसत होते.

बाथरूमची चौकट आणि दार लाल करायचं ठरलं. गेरूच्या जवळचा, मातीतला लाल. मुलगा म्हणाला, "अगं पण रात्री अंधारात लाल तर दिसत नाही." बरोबर बोलला. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपून ठेवलं होतं. उजेड उतरला की लाल फुलं काळी पडतात आणि पानं मात्र उजळ दिसत राहतात. आमच्या खोलीतही तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी देव्हाऱ्याचं लाल वस्त्र पहिल्यांदा विझायचं, आणि निळीचा चुना सगळ्यात शेवटी. पण इथे तेच आपल्या कामाचं आहे. लाल काळा पडेल, भिंत पांढरीच राहील, आणि पांढऱ्यात काळं दार झोपेतल्या डोळ्यालाही दिसेल. त्या संध्याकाळी आम्ही लाल पुठ्ठा पॅसेजमध्ये लावला, सगळे दिवे बंद केले, आणि मामाला हॉलमधून बोलावलं. तो आला आणि सरळ त्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

हॉलचा प्रश्न उरला होता. रंगाचं काम सुरू झालं त्या सकाळी मी मुद्दाम हजर राहिले. सुनेचं म्हणणं होतं की हॉल पांढराच बरा, नव्या घराला चाळीचा पट्टा कशाला. तिचं मी समजू शकते. तिने त्या पट्ट्यापासून सुटायची अनेक वर्षं वाट पाहिली होती. म्हणून चारही बाजूंना नको, एकाच भिंतीला, खिडकीच्या उजव्या हाताला, सहा फूट लांब एवढाच, असं आम्ही दोघींनी ठरवलं. रंग तिने निवडला, शेवाळी. धुता येणारा. बाकी तीन भिंती तिच्या पांढऱ्या.

आमच्याबरोबर असलेला रंगारी तरुण होता, रत्नागिरीकडचा. त्याने चिकटपट्टी काढली आणि विचारलं, "ताई, पट्टा किती उंच घेऊ? तीन फूट? साडेतीन?"

मी मामाला हाक मारली. तो मधोमधच्या खुर्चीवर बसला होता. "मामा, जरा इकडे ये. भिंतीला टेकून बस."

"खाली?"

"खालीच. मांडी घाल."

गुडघ्यावर हात देत तो हळूहळू खाली बसला, पाठ भिंतीला लावली, आणि क्षणभर मान मागे टेकून डोळे मिटले. मामी दारात येऊन उभी राहिली, हातात लाटणं तसंच. रंगाऱ्याने मामाच्या टाळूवर चार बोटं आडवी धरली आणि पेन्सिल भिंतीला लावली.

"नीळ आहे का घरात?" मामा डोळे न उघडता म्हणाला. "आणि सुतळी. ती पट्टी-बिट्टी ठेव बाजूला."